बॅटरी थंड होईपर्यंत

माझ्या ताईचं आयुष्य कात्र्या, चिमटे आणि सुया मोजण्यात गेलं. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या मागे एक खोली असते. तिथे हत्यारं धुतात, वाळवतात, वाफेच्या यंत्रात घालतात आणि कापडात बांधून ठेवतात. त्या खोलीत ती विशीत शिरली आणि निवृत्त होऊनच बाहेर पडली. तिथला एक नियम होता. ट्रे बाहेर जाताना दोघांनी मोजायचा, परत आला की पुन्हा दोघांनी मोजायचा, आणि तोही मोठ्याने. एकट्याने मोजलेलं धरत नाहीत, कारण एक चिमटा कमी भरला तर तो कुणाच्या तरी पोटात राहिलेला असतो.

हा नियम ताई घरीही घेऊन आली. मुलं लहान असताना सहलीहून परतली की दोघांना समोरासमोर उभं करून डबा, बाटली, टोपी, रुमाल मोजायला लावायची. एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने री ओढायची. मी म्हणायचे, "ताई, नवऱ्यालाही रोज मोजून घेत जा." मेहुणे फार लवकर गेले, तेव्हापासून मी ती चेष्टा बंद केली.

मी तिची धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहते, कपडे शिवते. माझी जीभ माझ्या कात्रीपेक्षा जास्त चालते असं माझी गिऱ्हाइकं म्हणतात. म्हणोत बापडी. ही गोष्ट मी सांगतेय, कारण ताई सांगणार नाही. तिला विचारलंत तर ती एवढंच म्हणेल, "मुलं कामात असतात गं." आणि विषय बदलून तुमच्यासाठी चहा ठेवेल.

तिचे दोघे मुलगे, म्हणजे माझे भाचे, एकत्र धंदा करत होते. लग्नांचं शूटिंग, इमारतींचे, जमिनींचे वरून काढलेले फोटो, असली कामं. थोरल्याला यंत्रातलं कळायचं आणि धाकट्याला कॉम्प्युटरमधलं. एकाला जे येत नाही ते दुसऱ्याला येतं, म्हणजे देवाने जोडी जमवूनच पाठवली होती. दोघांनी मिळून एक ड्रोन घेतला. चांगला मोठा, चार पात्यांचा, पोटाखाली कॅमेरा लटकणारा. तो पहिल्यांदा उडाला तेव्हा ताईने मला गच्चीवर बोलावून घेतलं होतं, आणि दोन्ही मुलं वर मान करून एकाच जागी बघत होती.

मग एक दिवस भांडले. कारण ऐकाल तर कपाळावर हात मारून घ्याल. दुकानाची पाटी नव्याने रंगवायची होती, आणि पाटीवर कुणाचं नाव आधी यावं यावरून बिनसलं. लोक लगेच सुनांकडे बोट दाखवतात. सुनांचा काडीचा संबंध नव्हता. ही दोन शहाणी माणसंच एकमेकांना पुरेशी होती. दुकान थोरल्याकडे राहिलं. कॅमेरे आणि कॉम्प्युटर घेऊन धाकटा शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. मधोमध कापता येत नाही म्हणून ड्रोन तेवढा राहिला, नाहीतर तोही कापला असता.

काही दिवस तो इकडून तिकडे फिरला. मग त्याच्या एका दांडीवर चरा पडला, आणि तो कुणी पाडला यावर दोघं आईच्या स्वयंपाकघरात उभे राहून ओरडायला लागले. मी तिथेच भाजी निवडत बसले होते. ताईने गॅस बंद केला, हात पुसले आणि म्हणाली, "ड्रोन माझ्याकडे राहील. ज्याला लागेल त्याने न्यायचा. पण महिन्यातून एका रविवारी दोघांनी इथे यायचं, त्याची साफसफाई करायची, आणि समोरासमोर बसून मोजून ठेवायचा."

"दोघांनी कशाला?" थोरला म्हणाला.

"मला एकटीला त्यातलं काय कळतंय?"

"मी एकटा करीन की."

"म्हणजे हा म्हणेल, तू बिघडवलास. नको. दोघांनी."

थोरला हो म्हणाला, धाकटा आढेवेढे घेत होता. पण एकाने यायचं कबूल केल्यावर दुसऱ्याला मागे राहणं शक्यच नव्हतं, कारण आपल्या माघारी भाऊ यंत्राला काय करील याची दोघांनाही सारखीच धास्ती. ताईने त्यांचा संशयच त्यांच्या पायात बांधला. माझी ताई भोळी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी तिच्याशी पत्ते खेळून बघावं.

त्या यंत्रासाठी तिने काय नाही केलं? कपाटातला मधला कप्पा रिकामा केला आणि स्वतःचे ठेवणीतले कपडे पलंगाखालच्या बॅगेत कोंबले. कपाट स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होतं, ती भिंत तापते म्हणून ते दुसऱ्या भिंतीला सरकवलं. सरकवायला दोन्ही मुलं लागली, आणि ते काम तिने मुद्दाम रविवारीच काढलं. दमटपणा शोषून घेणाऱ्या त्या गोळ्यांच्या पुड्या असतात ना, बुटांच्या खोक्यात मिळतात, त्या ती ओळखीच्या सगळ्यांकडून गोळा करायची. मला कापूस भरून एक पिशवी शिवायला लावली, सुटी पाती ठेवायला. बॅटऱ्या मात्र ड्रोनमध्ये नाहीत की कपाटातही नाहीत. त्या वेगळ्या, पत्र्याच्या डब्यात, बाहेरच्या खोलीत, ऊन येणार नाही अशा कोपऱ्यात. मी त्या ड्रोनला माझा तिसरा भाचा म्हणायचे. पहिल्या दोघांपेक्षा गुणी. ठेवावं तिथे राहतो आणि तोंड उघडत नाही.

रविवारी सकाळी ती टेबलावर पांढरी चादर अंथरायची. आधी बॅटऱ्या चार्जिंगला लावायची आणि दूध तापत ठेवल्यावर बसतात तशी शेजारी खुर्ची टाकून बसायची. चार्जिंगला लावून घराबाहेर जायचं नाही, हे तिला धाकट्याने एकदा सांगितलं होतं. तेवढं तिला पुरलं. मग दोघं यायचे. आगेमागे, आणि दोघंही जिन्यात एकमेकांना टाळून. थोरला पाती काढायचा आणि प्रत्येकाच्या कडेवरून नख फिरवून बघायचा, कुठे तडा नाही ना. मोटारी हाताने फिरवून बघायचा. मऊ ब्रशने धूळ झाडायचा. धाकटा कॅमेऱ्याची काच पुसायचा, कॅमेरा धरणाऱ्या त्या लटकत्या मानेला प्लास्टिकची टोपी बसवायचा आणि फोनवर काय काय तपासायचा. आणि बोलणं कसं व्हायचं ऐका.

"आई, त्याला सांग, हे पातं बदलायला झालंय."

"आई, त्याला सांग, मला डोळे आहेत."

"आई, त्याला सांग, मग बदल."

एका टेबलाच्या दोन बाजू. मधलं अंतर एका चादरीचं. मी एकदा म्हटलं, "ताई, तू हॉस्पिटलाऐवजी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करायला हवी होतीस." कुणी हसलं नाही. ताईने मला डोळ्यांनी दटावलं.

मग ते गच्चीवर जायचे. भरलेली बॅटरी तशीच ठेवली की ती फुगते, आणि अगदी रिकामी ठेवली की मरते. ठेवताना ती निम्मी भरलेली असावी लागते. म्हणून ड्रोन कमरेएवढ्या उंचीवर तरंगत ठेवून एकेक बॅटरी निम्म्यावर आणायची. वरच्या मजल्यावरच्या बाईची वाळत घातलेली चादर एकदा त्या वाऱ्याने पार शेजारच्या इमारतीत गेली. ती बाई अजून माझ्याशी बोलत नाही, मी काय केलं होतं देव जाणे.

आणि आता खरी गोष्ट. उडवून आणलेली बॅटरी गरम असते. ती तशीच डब्यात ठेवायची नाही. आधी थंड होऊ द्यायची. म्हणून चादर थोडी दुमडून त्या बॅटऱ्या टेबलाच्या काचेवर मांडून ठेवायच्या आणि त्या थंड होईपर्यंत सगळ्यांनी बसायचं. चहा, बिस्किटं, आणि मुकाट्याने बसलेले दोन दाढीवाले बाप्ये. ताई अधूनमधून उठायची, हाताची मागची बाजू बॅटरीला लावून बघायची, मुलाच्या कपाळाला लावावी तशी, आणि म्हणायची, "अजून कोमट आहे. बसा."

मी एकदा सहज हात लावला. बॅटरी गारठलेली होती. फरशीपेक्षा गार. मी ताईकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. "बिस्किट घे ना," म्हणाली.

तेवढ्यावर माझं समाधान होणार होतं थोडंच? पुढच्या आठवड्यात मी आगाऊ न सांगता तिच्याकडे गेले. दार उघडंच होतं. टेबलावर चादर, चादरीवर ड्रोन, आणि ताई एकटी. चष्मा नाकावर, हातात ब्रश. तिने चारही पाती सटासट काढली, कडा नखाने तपासल्या, पाती पुसली, खुणा बघून ज्याच्या त्याच्या जागी पुन्हा बसवली. बॅटऱ्या एकेक करून सपाट काचेवर ठेवून बोटाने डुलवून पाहिल्या. फुगायला लागलेली बॅटरी काचेवर डुलते, सपाट बसत नाही. एवढं सगळं तिला येत होतं. आणि गेल्याच रविवारी तीच बाई थोरल्याला विचारत होती, "हे पातं डावीकडचं की उजवीकडचं रे?"

"ताई, हे काय गं?" मी म्हटलं.

"दार लाव," ती म्हणाली.

"तुला सगळं येतंय."

"येतंय म्हणून सांगायचं असतं का सगळ्यांना?"

मी दार लावलं. ड्रोन कपाटात ठेवण्याआधी तिने बसवलेल्या पात्यांतली दोन मुद्दाम उलटसुलट केली. थोरल्याला ओरडायला काहीतरी हवं म्हणून.

असे कितीतरी रविवार गेले. पालथ्या घड्यावर पाणी, मी म्हणायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हेही म्हणायचे. ताई ऐकून घ्यायची. मग एका रविवारी मी गेले नव्हते, आणि संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं कुणाला तरी बाळ झालं.

"बोलले गं," ती म्हणाली.

"काय बोलले?"

"एका मोटारीत वाळूचा कण गेला होता. किरकिरत होती. थोरला फिरवून बघत होता. तर धाकटा म्हणाला, दाखव. आणि याने दाखवली."

"बरं, मग?"

"मग म्हणाला, फुंकर मारू नको, ब्रश दे. आणि याने दिला." ती हसायला लागली. "माझा चहा उतू गेला सगळा."

मला हसू आलं. ब्रश दे! एवढ्या मोठ्या भांडणाचा समेट, आणि तो या दोन शब्दांत. पण ती इतकी खूश होती, की मी जीभ चावली. त्यानंतर दोघं थोडं थोडं बोलायला लागले. आधी नुसतं ड्रोनबद्दल. स्क्रू ढिला आहे, अपडेट आलंय, पट्टा नीट गुंडाळ. मग रस्त्यावरच्या गर्दीबद्दल. मग कुठल्याशा गिऱ्हाइकाची टिंगल. मधल्या काळात दोघांनीही आपापले नवे ड्रोन घेतले होते, छोटे, खिशात मावतील असे, त्यामुळे जुना कुणी नेत नव्हता. तरीही रविवारी येत होते. मीसुद्धा मानलं, की माझी बहीण जिंकली. मला तसं मानायला जड जातं, पण मानलं.

मग तो रविवार आला. सकाळीच तिचा फोन. "एकाच गाडीतून आले! खिडकीतून बघितलं मी. एकाच गाडीतून."

मी एका बाईच्या बाहीला टाचण्या लावत होते. तिला तशीच उभी ठेवून मी निघाले. जिना चढेपर्यंत माझेही डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू. दारात चपला बघितल्या. दोघांच्या, शेजारी शेजारी. आणि तिसऱ्या कुणाच्या तरी.

तिसरा माणूस जमिनी मोजणारा होता. त्याला असाच मोठा ड्रोन हवा होता.

"आई," थोरला म्हणाला, "आम्ही दोघं फोनवर बोललो. हा आता पडूनच असतो. विकून टाकतो."

आम्ही दोघं. बोललो. ताईला किती दिवसांपासून हेच ऐकायचं होतं. पोरं एकमेकांशी बोलावीत म्हणून तिने एवढा खटाटोप केला, आणि बोलली ती हे बोलली.

तो माणूस ड्रोन उलटापालटा करून बघत होता. पात्यांना नख लावून बघितलं, मोटारी फिरवल्या, कॅमेऱ्याच्या मानेवरची टोपी काढून आत वाकून बघितलं. "वापरलेले खूप बघितले मी," तो म्हणाला, "पण असा ठेवलेला नाही बघितला. कोण करतं याचं सगळं?"

"आई," दोघंही एकदमच म्हणाले.

ताईने हातातली बशी खाली ठेवली. "मला कुठे काय कळतं," ती म्हणाली.

"तिला सगळं येतं," धाकटा त्या माणसाला म्हणाला, कौतुकाने. "आम्ही नुसते येऊन बसतो. चहा पितो."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पात्यांचं, कोमट बॅटरीचं, सगळं. आईचं मन राखायला येत होते, असं कुणी म्हणेल. मीही क्षणभर म्हटलं. पण थोरला पुढे काय म्हणाला ते ऐका. "तुझीही कटकट मिटेल आई. दर महिन्याचा एक अख्खा रविवार जातो. आमचाही, तुझाही."

तिचा रविवार जातो म्हणे. तिच्याकडे होतं काय दुसरं? आजही ते वाक्य आठवलं की माझ्या हातातली सुई थांबते. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं, हे मी आयुष्यभर ऐकत आलेय. पण इथे तर भलं करणारीला साधं विचारायचीही कुणाला गरज वाटली नाही.

त्या माणसाने बॅटऱ्या काचेवर ठेवून बघितल्या. एक डुलली. किंचित. "ही नको," तो म्हणाला. "ही जुनी झाली. हिची विल्हेवाट लावा, घरात ठेवू नका."

बाकी सगळं त्याने घेतलं. ताई म्हणाली, "मोजून द्या." दोघांनी मोजलं. थोरला म्हणायचा आणि धाकटा री ओढायचा, लहानपणी डबा आणि बाटली मोजायचे तसंच, आणि मोजताना दोघंही हसत होते. मी शिवलेली पिशवीसुद्धा गेली. ड्रोन वाईट ठेवला असता, धूळ खात टाकला असता, तर गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं असतं. तळहातावरच्या फोडासारखा जपला, म्हणून पहिल्या खेपेलाच उचलला गेला. एकाच गाडीतून आले तसे एकाच गाडीतून गेले. त्यानंतर त्यांचं एकमेकांशी काय काम उरलं होतं? पाटीवरचं नाव होतं तसंच होतं.

ताई मला म्हणाली, "आता येतील की नुसतेच. आईला भेटायला काय निमित्त लागतं?"

मी गप्प बसले. मी गप्प बसते तेव्हा परिस्थिती वाईट असते हे ताईला माहीत आहे.

पुढच्या महिन्यातल्या रविवारी थोरल्याला काम निघालं आणि धाकट्याकडे पाहुणे आले. त्याच्या पुढच्या महिन्यात धाकट्याला काम निघालं आणि थोरल्याकडे पाहुणे आले. निदान कारणं तरी वाटून घेतली होती त्यांनी. आणि ती उरलेली बॅटरी फुगत चालली. उशीसारखी झाली. ताईने तिला वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घालून गॅलरीत ठेवलं, पडद्यापासून लांब, आणि दोघांना फोन केला. फुगलेली बॅटरी कधी पेट घेईल याचा नेम नसतो, येऊन घेऊन जा.

"ती त्यानेच उन्हात गाडीत ठेवली होती," थोरला म्हणाला. "त्याला सांग."

"दादाने पूर्ण भरून ठेवली होती," धाकटा म्हणाला. "त्याला सांग."

टेलिफोन एक्स्चेंज पुन्हा सुरू झालं.

मी म्हटलं, "ताई, दे मला. अशा बॅटऱ्या घेणारी जागा असते, मी रिक्षाने नेऊन देते."

"राहू दे. मुलांची वस्तू आहे."

"अगं, पेटली म्हणजे?"

"वाळूत आहे."

ती रोज सकाळी त्या डब्याला हात लावून बघायची. हाताची मागची बाजू. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरात दुसरं काही उरलं नव्हतं. मुलांना या घरी यायला लागेल असं, दोघांचं मिळून, हे एकच उरलं होतं, आणि ते उद्या पेट घेणारं होतं. मला इतका राग आला, की मी तिच्याच फोनवरून दोघांना फोन लावले. काय बोलले ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. शेवटचं सांगते. "रविवारी सकाळी, नेहमीच्या वेळेला, ती वस्तू या घरातून गेली पाहिजे. तुमच्या आईच्या जिवाशी खेळ आहे हा. दोघांनी ऐका."

"हो मावशी, रविवारी नक्की," थोरला म्हणाला.

"हो मावशी, रविवारी नक्की," धाकटाही म्हणाला.

ताई त्यानंतर माझ्यावर दोन दिवस रुसली. "असं बोलतात का मुलांना?" पण शनिवारी तिने पांढरी चादर धुतली. रविवारी काच पुसून ती टेबलावर अंथरली, चार कप काढले, चार खुर्च्या ओढून ठेवल्या. मी म्हटलं, एका बॅटरीला एवढा थाट? ती म्हणाली, "आले की बसतील ना जरा." केस नीट विंचरले होते तिने.

बेल वाजली. ताई माझ्या आधी दारात पोचली.

बाहेर एक अनोळखी माणूस, निळा शर्ट, पाठीवर जाडजूड पिशवी. "इथून खराब बॅटरी न्यायची आहे ना? साहेबांनी सांगितलंय." थोरल्याचं नाव घेतलं त्याने. ताई दारात तशीच उभी होती. मी त्याला आत घेतलं. तो बसतोय न बसतोय तोच पुन्हा बेल वाजली. ताई पुन्हा गेली, जवळजवळ पळतच. आता हिरवा शर्ट, वेगळी कंपनी. "बॅटरीसाठी ऑनलाइन बुकिंग आहे." या खेपेला नाव धाकट्याचं.

एका बॅटरीला दोन माणसं. दोघांनी माझा शब्द पाळला होता. वेळसुद्धा पाळली. फक्त एकमेकांना सांगितलं नव्हतं, म्हणून दोन आले, नाहीतर एकावरच भागलं असतं.

ते दोघं एकमेकांकडे बघत होते. निळा म्हणाला, "मग हे नेऊ देत. मी जातो."

"बसा," ताई म्हणाली. "दोघं बसा."

ती गॅलरीतून डबा घेऊन आली. वाळू बाजूला सारून बॅटरी काढली आणि चादर दुमडून काचेवर ठेवली. ती डुलत राहिली. ताईने चहा ओतला, दोघांसमोर ठेवला, बिस्किटं ठेवली. ते बिचारे संकोचाने चहा प्यायला लागले, टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून. मी खिडकीकडे तोंड केलं.

"आता मोजा," ताई म्हणाली.

"एकच तर आहे, मावशी," हिरवा म्हणाला.

"असू दे. इथून वस्तू जाते ती दोघांनी मोजून जाते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणा. निळा म्हणाला, "एक." मग हिरव्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "एक."

ताईने हाताची मागची बाजू बॅटरीला लावली. बराच वेळ लावून ठेवली. मग म्हणाली, "गार आहे. न्या आता."

संध्याकाळी फोन आले. आधी धाकट्याचा, मग थोरल्याचा. मी तिथेच होते, कप धुऊन पालथे घालत होते. गेली का, एवढंच विचारलं दोघांनी. ताई दोघांनाही गेली म्हणाली. थोरल्याचा आवाज मोठा आहे, फोनमधून बाहेर ऐकू येतो.

"सुटलो बाबा," तो म्हणाला. "आता घरात काळजी करण्यासारखं काही उरलं नाही ना?"

"नाही," ताई म्हणाली, "काही उरलं नाही."